एक इंच माया

लेकीच्या लग्नात नेसायच्या महेश्वरीचा ब्लाऊज मी अनंत चतुर्दशीला कापला. लग्न होतं डिसेंबरात. पण दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष, आणि पितृपक्षात नव्या कापडाला कात्री लावायची नाही हा सासूबाईंचा नेम. सासूबाई गेल्या, नेम राहिला. संध्याकाळी निम्मं इंदूर झाँक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला राजवाड्याकडे निघालेलं आणि मी पुढच्या खोलीत टेबलावर कापड अंथरून उभी. स्वतःच्या छातीभोवती टेप धरला, ४१ इंच भरले. खडूने खूण केली ती ३८ ची. आणि माया सोडली नाही.

शिवणातलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. टिपेच्या आतल्या बाजूला जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाईचं अंग एका मापात राहत नाही. बाळंतपण आहे, थायरॉइड आहे, नुसती दिवाळीसुद्धा आहे. दोन्ही कुशींना इंच-इंच माया असली की टीप उसवून बाहेर सरकवता येते आणि ब्लाऊज आणखी पाच वर्षं चालतो. ३२ वर्षांत लोकमान्य नगरातल्या आमच्या घरून बिनमायेचा ब्लाऊज एकही बाहेर गेलेला नाही. पहिला कापला तो माझा स्वतःचा.

सुईचं माझं दुसरं काम तेव्हा महिनाभराचं झालं होतं. राखीच्या दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्ट २०२५ च्या रविवारी, मी टिर्झेपाटाइडचं, म्हणजे वजन उतरवायच्या औषधाचं, पहिलं इंजेक्शन घेतलं. अडीच मिलिग्रॅम. वजन ८४ किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५. आपल्या हिंदुस्थानी अंगांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा मी त्या गावात बऱ्याच वर्षांपासून राहत होते. बीपीची गोळी चालू होती, तीन महिन्यांची साखर ६.२ आली होती, आणि मशीनवर बसून उठताना गुडघे असे वाजायचे की गिऱ्हाईक विचारायचं, काही तुटलं का.

ही झाली डॉक्टरला सांगायची कारणं. खरं कारण जुलैतलं. साखरपुड्याच्या फोटोंच्या वेळी सासरच्या एका नातेवाईक बाईंनी, अगदी लाडाने, मला दंडाला धरून रांगेच्या टोकाला नेलं. म्हणाल्या, "तू कडेला उभी राहा, म्हणजे सगळे मावतील." आमच्या विहीणबाई पुण्याच्या, छडीसारख्या. त्या मधोमध होत्या. मी तो फोटो कितीदा मोठा करून बघितला ते सांगत नाही.

डॉक्टर मॅडम मराठीच, रामबागेत वाढलेल्या. त्यांच्या आईचे ब्लाऊज मी शिवत असे. त्यांनी आधी तासभर चौकशी केली. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का. पोटाची सोनोग्राफी करवली. मग एका चिठ्ठीवर लिहून दिलं: २.५, चार रविवार. ५, चार रविवार. मग भेटा. 'मग भेटा'च्या खाली दोन रेघा ओढल्या. ती चिठ्ठी मी फ्रिजला चिकटवली, दुधाच्या हिशेबाशेजारी.

औषधाच्या कुप्या फ्रिजच्या मधल्या फळीवर, चक्क्याच्या डब्यामागे. करंगळीच्या पेराएवढी काचेची बाटली, आत पाण्यासारखं औषध. गंमत अशी की २.५ ची काय आणि ५ ची काय, दोन्हींत द्रव सारखाच, अर्धा मिलिलिटर. इन्शुलिनच्या बारीक सिरिंजमध्ये दोन्ही वेळा ५० च्या रेघेपर्यंतच भरायचं. फरक फक्त लेबलावरच्या आकड्यात. डोळ्यांना दुप्पट दिसत नाही, हाताला दुप्पट लागत नाही. बेंबीपासून चार बोटं लांब चिमूट धरायची आणि टोचायचं. मला सुईचं भय असायचं काही कारण नाही. आयुष्यात बोटांत जितक्या गेल्या तितक्या कुणी मोजल्या नसतील.

पहिल्या महिन्यात पावणेतीन किलो उतरले. गणपतीत अकरा मोदक वळून मी दीड खाल्ला, आणि तोही कोणी बघतंय म्हणून. रविवारचे पोहे, वर शेव, वर जिरावन, शेजारी जिलबी, हे या गावात श्रावणी सोमवारइतकं पवित्र. त्या पोह्यांपुढे मी बशी घेऊन बसले आणि मला काहीच वाटलं नाही. भूक मारून बसणं मला माहीत होतं. चतुर्थ्या काय कमी केल्या आहेत! पण हे वेगळं होतं. डोक्यात सतत चालणारा रेडिओ कुणीतरी बंद केल्यासारखं.

इथपर्यंत सगळं चिठ्ठीप्रमाणे.

मोठ्या जाऊबाई, मी त्यांना वहिनीच म्हणते, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनीही त्याच रविवारी सुरुवात केली होती, दुसऱ्या डॉक्टरांकडून. वहिनींचा स्वभाव असा की तिकीट काढून बसल्यावरसुद्धा ड्रायव्हरला लवकर चल म्हणतील. दोन आठवडे २.५ झालं, लगेच ५. दोन आठवडे ५, लगेच साडेसात. मुंबईच्या भाच्याकडून साडेसातचं पेन मागवलं. आणि त्यांना झालं काय? काही नाही. एक ढेकर नाही. जिना उतरताना त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, आणि त्या मला ऐकू येतील अशाच उतरत.

सप्टेंबरात सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलो होतो. मध्यंतरात चहाच्या रांगेत पूर्वी विचारायचे, मुलगा कुठे असतो. या वर्षी विचारत होते, "कितीवर आहेस?" एक जण म्हणाल्या, मी १ वर. दुसरीने भुवया उंचावल्या, अजून एकवरच? मी तर १.७ वर. तेवढ्यात मी म्हटलं, मी ५ वर, आणि दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी दागिना मिरवायला काढला. घरी आल्यावर कळलं, त्या दोघी सेमाग्लुटाइडवर, वजनाच्याच दुसऱ्या औषधावर. त्याची शिडी निराळी: ०.२५, ०.५, १, १.७, मग २.४, प्रत्येक पायरीवर चार आठवडे, म्हणजे वर पोचायलाच सोळा आठवडे. आमची शिडी अडीच-अडीचने चढत १५ पर्यंत जाते. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघणं म्हणजे वार आणि मीटर एकाच पट्टीने मोजणं. पण त्या रांगेत कोण कुणाला सांगणार? आणि खरं सांगू, तो पाचाचा आकडा उच्चारताना मला बरं वाटलं होतं.

मग ५ च्या दुसऱ्या आठवड्यात काटा थांबला. ८०.६ वर. सोमवारी ८०.६, गुरुवारी ८०.६, शनिवारी ८०.८. मी रात्री उशीखाली वही घेऊन हिशेब मांडायला लागले. लग्नाला अकरा रविवार. माझ्या कापलेल्या ब्लाऊजला तीन इंच. पैशांचाही हिशेब होता, तो कुणी बोलून दाखवत नाही. २.५ ची कुपी ३,५०० ची, ५ ची ४,३७५ ची. पहिल्या महिन्याचे १४,००० रुपये गेले, आणि मॅडमनीच सांगितलं होतं की २.५ हा उपचाराचा डोस नव्हेच, नुसता अंगाला सराव व्हावा म्हणून. सरावाला चौदा हजार! मी एका ब्लाऊजची शिलाई किती घेते ते आठवलं आणि पोटात ढवळलं, औषधाशिवायच.

आणि फ्रिजमध्ये २.५ ची एक कुपी जास्तीची होती. पहिल्या महिन्यात मेडिकलवाल्या मुलाने पाच दिल्या होत्या. "आंटी, एक एक्स्ट्रा रख लो, काम आएगी." कागद मागितला नाही, काही विचारलं नाही. मीही घेतली. काम आली.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावास्या. सकाळी साडेसातला मी आधी ५ ची कुपी घेतली, मग पोटाच्या दुसऱ्या बाजूला २.५ ची. साडेसात वाजता साडेसात, असा विनोदही मनात केला. दुपारी पानावर खीर, उडदाचे वडे, अळूवडी, कढी, भोपळ्याची भाजी. पितरांचं पान वाढून झाल्यावर आम्ही बसलो. मी दोन वडे खाल्ले आणि खीर वाटीभर. त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं.

संध्याकाळी ढेकर यायला लागले. साधे नव्हेत, सडक्या अंड्याच्या वासाचे. रात्री दोनला उठले तेव्हा दुपारचा वडा अजून तिथेच आहे, तसाच, हे मला पोटावर हात न ठेवताही कळत होतं. सकाळी घटस्थापना. परडीत काळी माती पसरली, त्यावर पाणी शिंपडलं आणि त्या ओल्या मातीच्या वासाने मी उठून पळाले. एरवी त्या वासासाठी मी नवरात्राची वाट बघते. ह्यांनी एकट्यांनी घट बसवला, मंत्र अर्धे चुकवले. मंगळवारी पाणीही ठरेना. त्यात मी शहाणी रोज सकाळी बीपीची गोळी मात्र चुकवत नव्हते. ती लघवीवाटे पाणी काढणारी. पोटात थेंब नाही आणि गोळी पाणी बाहेर काढते आहे. बुधवारी मशीनवरून उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि भानावर आले तेव्हा डोकं अस्तरांच्या गठ्ठ्यावर होतं. नशीब, इस्त्री दुसऱ्या बाजूला होती.

दीड दिवस सलाइन. रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, ते ०.८ चं १.५ झालं होतं. मूत्रपिंडं कोरडी पडली की असं होतं, आणि वेळेत पाणी मिळालं की बहुतेक वेळा परत जागेवर येतं, माझं आलं. ती बीपीची गोळी तेवढे दिवस बंद केली. वहिनी शहाळं घेऊन भेटायला आल्या. साडेसातवर, जुईच्या गजऱ्यासारख्या ताज्या. म्हणाल्या, "अगं, मला तर काहीच नाही झालं!" त्या शहाळ्याचं मी काय करावं असं मला त्या क्षणी वाटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्हाला वाटलं, मी पाचवर थांबले आहे. थांबला नव्हतात. चढतच होतात." मग माझ्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांनी मांडून दाखवलं. हे औषध अंगातून निम्मं व्हायला पाच दिवस घेतं. म्हणजे पुढच्या रविवारी मागच्या डोसाचा तिसरा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, शिल्लक असतो. नवा डोस त्या शिल्लकीवर पडतो. त्याच्या पुढचा, दोन्हींच्या शिल्लकीवर. असं करत चौथ्या आठवड्याच्या सुमाराला आठवड्याचं येणं आणि जाणं बरोबरीला येतं, आणि तेव्हा अंगातला साठा पहिल्या सुईनंतर होता त्याच्या दीडपटीहून जरा वर असतो. चिठ्ठीवर चार आठवडे एकच आकडा, पण रक्तात चारही आठवडे चढण. मी तिसऱ्या रविवारी, चढण चालू असतानाच, वर आणखी अडीच ठेवलं.

आणि काटा थांबला होता त्याचं काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, दोन आठवडे काटा थांबणं म्हणजे औषध थांबणं नव्हे. पाणी असतं, बद्धकोष्ठ असतं, मीठ असतं. आठवड्याच्या काट्यावर डोस ठरवायचा नाही. पोट सगळ्यात आधी बिथरतं, कारण हे औषध जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं, आणि त्याचा धक्का सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो. पुढे पोट सरावतं, भूक मात्र कमीच राहते. पोटाने सरावायचं आणि भुकेने सरावायचं नाही, अशी दोघांची शर्यत. पोटाला वेळ दिला की ती आपोआप जिंकता येते. मेंदूतही भरल्या पोटाची खबर घेणाऱ्या जागा आणि ओकारीची जागा शेजारी-शेजारी आहेत म्हणे. एकीचं दार जोरात वाजवलं की दुसरी जागी होते.

मला त्या वेळी अस्तर आठवलं. सुती अस्तर आणलं की रात्रभर पाण्यात घालते, वाळवते, इस्त्री करते, मग कापते. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. किती बायका सीतलामाता बाजारातून थेट माझ्याकडे येतात, ताई आजच कापा ना, परवा लग्न आहे. मी ऐकत नाही. कितीही ओळखीची असो, ऐकत नाही. अस्तराला जी रात्र मी देते ती स्वतःच्या आतड्याला द्यायचं मला सुचलं नाही.

लेक पुण्याला औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते. आधी फोनवर रडली, मग तिने झाडलं. "आई, माझ्या लग्नासाठी? माझ्या?" मग रीतसर दोन पेपर घेऊन बसली व्हिडिओ कॉलवर. पहिला २०१८ चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला. हेच औषध तेव्हा तपासलं जात होतं, मधुमेहाच्या लोकांवर. १५ च्या गटाला पटापट चढवलं होतं: ५ वर दोन आठवडे, १० वर चार, की थेट १५. त्या गटातले चौघांतला एक त्रास होतो म्हणून औषध सोडून गेला. मग पुढच्या मोठ्या चाचणीत शिडी बदलली, २.५ पासून सुरुवात, प्रत्येक पायरीवर चार आठवडे, १५ ला पोचायला वीस. २०२२ साली निकाल आला, २,५३९ माणसं होती. १५ च्या गटात त्रासामुळे सोडणारे फक्त ६.२ टक्के. दोन्ही चाचण्यांतली माणसं सारखी नव्हती, तेव्हा तंतोतंत तुलना करू नकोस, हे तिने दोनदा बजावलं. पण शिडी का बदलली ते बघ, म्हणाली.

मला मात्र दुसराच आकडा लागला. ७२ आठवड्यांनी ५ वाल्यांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं होतं. १० वाल्यांचं १९.५. आणि १५ वाल्यांचं २०.९. म्हणजे १० वरून १५ वर, दीडपट औषध, आणि पदरात दीड टक्कासुद्धा नाही. मी पुन्हा वही काढली. ८४ चे १५ टक्के म्हणजे साडेबारा किलो. ते मला ५ वर बसूनही मिळण्यासारखे होते. फक्त ७२ आठवड्यांत. मी मागत होते अकरा रविवारांत.

"आणि मळमळ?" मी विचारलं. ५ वर शंभरातल्या पंचवीस जणांना, १० वर तेहतीस जणांना, म्हणाली. औषध नसलेली नुसती सुई घेणाऱ्यांतही नऊ-दहा जणांना. ते ऐकून मला त्याही अवस्थेत हसू आलं.

ह्यांनी काही झाडलं नाही. हे उस्ताद अमीर खाँचे भक्त. इंदूरचा माणूस, इंदूर घराणं, त्यामुळे घरात त्यांच्याविषयी अक्षर काढायची सोय नाही. घरी आल्यावर मी पडून होते, आणि ह्यांनी खाँसाहेब लावले. झुमरा तालातला तो विलंबित, एक आवर्तन संपेस्तोवर माझी भाजी चिरून होते. म्हणाले, "ही बढत ऐक. पहिल्या पंधरा मिनिटांत माणूस षड्ज सोडून फार लांब जात नाही. आणि तुला तिसऱ्या आवर्तनाला तान हवी." खरं सांगायचं तर तो विलंबित मला कधीच सोसलेला नाही, मी पेंगते. त्या दिवशीही पेंगले. पण तीन दिवसांत पहिल्यांदा झोप लागली, एवढं श्रेय देते.

पुढचं थोडक्यात. दोन रविवार चुकले, तिसऱ्या रविवारी, १२ ऑक्टोबरला, पुन्हा सुरुवात. कुठून? २.५ पासून. मी वाद घातला. मॅडम म्हणाल्या, तीन आठवड्यांत अंगातलं औषध जवळजवळ संपलं, पोटाची सवयही गेली. आता ५ दिलं तर पुन्हा तेच. म्हणजे घाई केली नसती तर ५ ऑक्टोबरलाच मी नीट विचारून साडेसातवर गेले असते, किंवा गेले नसते; आणि घाई केली म्हणून दिवाळीत मी परत तळाच्या पायरीवर, पुन्हा तेरा-चौदा हजार सरावाचे. वहीत तो हिशेब मी लिहिला नाही.

नोव्हेंबरात ५ वर आले आणि चौथ्या रविवारनंतर मॅडमनी विचारलं, भूक कशी आहे? कमी आहे. वजन? उतरतंय, हळू. त्रास? क्वचित ढेकर. "मग वाढवायचं कशासाठी?" मला वाटत होतं, शिडी आहे म्हणजे चढायचीच. त्यांचं म्हणणं, ज्या पायरीवर काम होतंय ती तुमची पायरी. काही लोकांना १५ लागतं, काहींना ५ पुरतं, आणि ते आधी कुणालाच कळत नाही. त्यांनी उलट दुसरीच कामं लावली. दोन वाट्या डाळ, पनीर, सकाळी भिंतीला हात टेकून पायांचे व्यायाम, कारण घाईने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पित्ताशयात खडे धरायचा धोका वाढतो.

वहिनींचं काय, हे तुम्ही विचारणार. वहिनी डिसेंबरात १० वर होत्या, अकरा किलो कमी, तब्येत ठणठणीत. केस थोडे गळाले; पण ते माझेही गळाले. मला त्यांच्यावरून काही धडा काढता येत नाही आणि काढायचाही नाही. एकाच गिरणीचं पीठ, एकीची भाकरी फुगते, एकीची चिरते. मला एवढंच खटकतं की त्यांच्या जिन्यावरच्या बांगड्या ऐकून मी माझ्या पोटाचा डोस ठरवला.

लग्नाच्या आदल्या रात्री ब्लाऊज घालून बघितला. वजन ७६.९, छाती साडेएकोणचाळीस. ३८ चा ब्लाऊज पुढून दीड इंच उघडा, आणि आत हात घातला तर उसवायला काही नाही. टिपेच्या काठाला धागे तेवढे. रात्री साडेअकराला मी मशीनवरचं कव्हर काढलं. महेश्वरीच्या ब्लाऊजपीसचा एक तुकडा उरला होता, हाताच्या पंजाएवढा. त्यातून दोन पट्ट्या काढल्या, दोन्ही कुशी उसवल्या, मुंढ्यापासून कमरेपर्यंत पट्टी जोडली. काठाची रेघ जुळवायला तासभर गेला. लेक मेंदीचे हात वर धरून दारात उभी होती. तिला काही धरता येत नव्हतं, म्हणून ती नुसती टॉर्च तोंडात धरून उभी राहिली, कारण नेमकी तेव्हाच ट्यूबलाइट फडफडत होती.

पट्टी कुणाला दिसली नाही. हात खाली असला की दिसत नाही. फोटोत मी मधोमध होते, कारण मुलीच्या आईला कन्यादानाच्या वेळी कुठे कडेला नेणार? विहीणबाईंनी ब्लाऊजच्या पाठीवरची गाठ बघून विचारलं, कुणी शिवला. त्यांचं माप माझ्याकडे आलं आहे. ३२. त्यातही मी माया ठेवली आहे.

आता एप्रिल आहे. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, आणि ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका मापं देता देता विचारतात, ताई, स्वस्त झालं म्हणे, पटकन किती वाढवता येतं? मी टेप त्यांच्या पाठीमागून फिरवत असते. त्या स्थितीत माणूस फार ऐकून घेतो. रक्तातल्या शिल्लकीचा हिशेब सांगते. काही ऐकतात, काही म्हणतात, माझ्या जावेला तर काही झालं नाही.

मी अजून ५ वर आहे. परवाच्या रविवारी ७२.६. छाती ३८ ला आली, म्हणून महेश्वरीचा ब्लाऊज काढला. पट्ट्या उसवून टाकाव्यात म्हणून सुई घेऊन बसले, एका कुशीचे चार टाके काढलेही. मग ते चार टाके परत घातले. टीप आत घेतली आणि पट्टी उलट्या बाजूला दुमडून तशीच राहू दिली. धागा तोडून उठले तेव्हा आतून हे विचारत होते, पोह्यांवर शेव घालू का. म्हटलं, थोडी.